आधी मराठी, मग जर्मन

सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी आलेल्या परदेशी पाहुण्यांचा त्यामुळे एखादा दिवस मोकळा राहतो. बहुतेक जण तो बीबी का मकबरा, पाणचक्की आणि हिमरू शालींच्या दुकानांत घालवतात. काही जण मात्र उजाडायच्या आत गाडीत बसतात आणि जालना, सिंदखेडराजा करत सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या लोणारला येतात. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात परदेशी माणूस दिसतो तो मुख्यतः इथेच. त्यांच्यात जर्मन बोलणारे बरेच असतात, हे मी कित्येक वर्षं पाहत आले आहे.

मी मूळची मेहकरची. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली आणि पुढे पर्यटकांबरोबर दुभाषी म्हणून फिरायला लागले. लोणार म्हणजे माझ्या माहेरच्या शेजारचं गाव. तिथलं काम आलं की मी ते नाकारत नाही. काठावर उभं राहून पाहुण्यांचे प्रश्न ऐकताना माझ्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली. इथली जर्मन माहिती नीट व्हायला हवी असेल, तर आधी इथली मराठी माहिती नीट लिहावी लागेल. हा लेख त्याबद्दल आहे.

जर्मन बोलणारे म्हटलं की आपल्याला एकच देश आठवतो. पण ऑस्ट्रियाची भाषा जर्मन आहे, स्वित्झर्लंडच्या मोठ्या भागाची आहे आणि उत्तर इटलीतल्या दक्षिण तिरोलचीही आहे. एकट्या जर्मनीतून २०१९ मध्ये अडीच लाखांहून अधिक पर्यटक भारतात आले होते. यातले फार थोडे लोणारपर्यंत पोचतात. जे पोचतात ते वाट वाकडी करून, ठरवून आलेले असतात. निवृत्त शिक्षक, इंजिनीअर, दगडधोंड्यांचा नाद असलेले डॉक्टर, अशी ही मंडळी.

यांच्या प्रवासाच्या सवयीमागे एक जुनी परंपरा आहे. कार्ल बेडेकर यांनी १८२७ साली कोब्लेन्झमध्ये प्रकाशनसंस्था काढली आणि पुढे त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या प्रवासपुस्तकांनी युरोपला स्वतःच्या पायांनी हिंडायला शिकवलं. कुठे उतरावं, जिना कुठून चढावा, द्वारपालाला काय द्यावं, चित्र कुठल्या वेळी चांगलं दिसतं, सगळं त्यात असे. १९१४ मध्ये याच संस्थेने लाइपझिगहून हिंदुस्थानावरचं पुस्तक काढलं. त्यात सिलोन, ब्रह्मदेश, मलाया, सयाम आणि जावाही होते. बेडेकरांची कितीतरी पुस्तकं इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही निघत, हे मात्र जर्मनमध्येच निघालं. त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं आणि ते हातात घेऊन येणारा प्रवासीच उरला नाही. पण घरी वाचायचं आणि जागेवर येऊन ताडून पाहायचं, ही सवय टिकली. अजिंठ्यातल्या कुठल्या भिंतीवर कुठली कथा आहे हे म्युनिकच्या डिटर श्लिंगलॉफ यांनी आयुष्य घालवून शोधलं. ते वाचून आलेली माणसं मला भेटली आहेत. असा पाहुणा लोणारच्या पाटीसमोर उभा राहतो तेव्हा तो पाटीकडून थोडी जास्त अपेक्षा ठेवतो.

काठावरून दिसतं ते असं. जवळपास गोल असा खड्डा, वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठाने फेरी मारायची तर पावणेसहा-सहा किलोमीटर. तळाशी खारं, उग्र वासाचं पाणी, भोवती दाट झाडी. वरच्या काठापासून तळ्याच्या बुडापर्यंतचा उतार सुमारे १३७ मीटर. नुसता आकडा सांगून डोळ्यांसमोर काही येत नाही. मी सांगते, कोलोनचं कॅथीड्रल या तळावर ठेवलं तर त्याच्या शिखरांचा वरचा वीस मीटरचा तुकडाच काठाच्या वर दिसेल. सगळे पुन्हा वाकून खाली बघतात.

मग प्रश्न येतो. हे विवर उल्केने झालं की ज्वालामुखीने, एवढंच त्यांना विचारायचं नसतं. उल्केने झालं हे ते वाचून आलेले असतात. त्यांना विचारायचं असतं, हे कसं कळलं? आणि तेच पाटीवर नसतं.

या प्रश्नाला त्यांच्या बाजूने एक कारण आहे. बव्हेरियात न्योर्डलिंगेन नावाचं एक जुनं गाव आहे. त्याचा तट पूर्ण गोल आणि अजून शाबूत, सगळ्या तटावरून चालता येतं. हे गाव रीस नावाच्या एका प्रचंड सपाट खळग्यात वसलं आहे. खळग्याचा व्यास सुमारे २४ किलोमीटर आणि वय सुमारे दीड कोटी वर्षं. तिथे जो करडा दगड मिळतो तो ज्वालामुखीच्या राखेच्या दगडासारखा दिसतो. म्हणून पिढ्यानपिढ्या लोक रीसला ज्वालामुखीचं काम समजत आले. गावातलं संत जॉर्जचं चर्च आणि त्याचा नव्वद मीटर उंच मनोरा याच दगडाचे आहेत. १९६० मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक युजीन शूमेकर तिथे गेले. चर्चच्या भिंतीतला दगड पाहून त्यांना शंका आली, त्यांनी नमुने वॉशिंग्टनला एडवर्ड चाओ यांच्याकडे पाठवले आणि त्यात कोएसाइट सापडलं. गारेतल्या सिलिकावर अचाट दाब पडला की तिचं कोएसाइट होतं, आणि तसा दाब पृथ्वीच्या पाठीवर उल्केच्या आघाताशिवाय येत नाही. खळग्याची शेकडो वर्षांची ओळख बदलली. १९७० मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावरचे दगड ओळखण्याचा सराव याच खळग्यात दिला गेला, १९९० मध्ये गावात या विवराचं संग्रहालय उघडलं आणि २०२२ मध्ये रीसला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा मिळाला. दक्षिण जर्मनीतल्या कितीतरी लोकांनी शाळेच्या सहलीत हे पाहिलेलं असतं.

म्हणजे हा पाहुणा विवर या गोष्टीला अनोळखी नसतो. त्याच्या हातात आपण पत्रक देतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘जगातील तिसऱ्या क्रमांकाचे विवर’. तो २४ किलोमीटरच्या विवरात सायकल चालवून मोठा झालेला. तो कागदाकडे पाहतो, समोर पाहतो आणि गप्प बसतो. त्यानंतर त्या कागदावरच्या दुसऱ्या कुठल्याच वाक्यावर त्याचा विश्वास राहत नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. कारण लोणारचं खरं वैशिष्ट्य त्या खोट्या क्रमांकापेक्षा कितीतरी मोठं आहे.

ते असं. दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांचं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसॉल्टचं. बेसॉल्टमध्ये झालेली आघात-विवरं पृथ्वीवर फार थोडी सापडली आहेत आणि त्यांत इतकं नीट टिकलेलं दुसरं नाही. चंद्रावरचे काळसर सपाट प्रदेश बेसॉल्टचे आहेत, मंगळाची मोठी भूमीही बेसॉल्टची आहे. तिथे आघात झाल्यावर दगडाचं काय होतं, हे पृथ्वीवर पाहायचं तर लोणारला यावं लागतं.

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये लोणारची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ इथेही तेच झालं जे रीसला झालं. भोवती सगळा लाव्ह्याचा दगड, मग खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं मानलं गेलं. शिवाय रीसची कसोटी इथे चालत नव्हती. बेसॉल्टमध्ये मोकळी गार जवळपास नसते, मग कोएसाइट कशातून होणार? बेसॉल्टमध्ये असतो तो फेल्डस्पार. त्यावर आघाताचा दाब बसला की तो न वितळताच काचेसारखा होतो. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून तळ्याच्या बुडाशी छिद्रं पाडली, वर काढलेल्या दगडांच्या चुऱ्यात मास्केलिनाइट मिळालं, आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निर्णय छापून आला. लोणार हे आघाताने झालेलं विवर आहे.

आता मास्केलिनाइट हे नाव कुणी दिलं? व्हिएन्नाच्या गुस्ताव चेरमाक यांनी, १८७२ मध्ये. आणि ते सापडलं कशात? २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत. तिचा तुकडा व्हिएन्नाला गेला, चेरमाक यांनी तो तपासला आणि ब्रिटिश म्युझियममधल्या मास्केलिन यांच्या सन्मानार्थ त्या काचेला नाव दिलं. शेरघाटीची उल्का मंगळावरून आलेली होती, हे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कळलं. व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात उल्कांचं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन आहे. ऑस्ट्रियातून येणाऱ्या बहुतेकांनी ते लहानपणी पाहिलेलं असतं. बिहारमध्ये पडलेला मंगळाचा दगड, त्यातली व्हिएन्नात ओळखलेली काच आणि त्याच काचेने वऱ्हाडातल्या आपल्या तळ्याचा लावलेला उलगडा, हा धागा मी काठावर उलगडून सांगते तेव्हा पाहुण्यांचे चेहरे बदलतात. भाषांतर करणाऱ्याला असा धागा सापडला तर त्याने तो सोडू नये. कुठल्याही मूळ पाटीवर तो नाही, आणि मराठी वाचकालाही त्याचा तेवढाच आनंद होईल.

वयाचा प्रश्न याहून अवघड. काही पत्रकांत विवराचं वय ५२ हजार वर्षं छापलेलं असतं, काहींत ५ लाख ७० हजार. पाहुणे दोन्ही वाचतात आणि माझ्याकडे बघतात. ५२ हजार हा आकडा, तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या प्रकाशाचं मोजमाप करून काढलेला. ५ लाख ७० हजार हा आकडा वितळलेल्या दगडातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीतून आला, २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात फ्रेड जूर्दां यांच्याबरोबर व्हिएन्नाचे क्रिस्टियान क्योबर्ल हेही होते, जे तेव्हा त्याच संग्रहालयाचे प्रमुख होते. माझं म्हणणं असं की पत्रकात दोन्ही आकडे द्यावेत, कुठला कोणत्या पद्धतीने निघाला ते एका ओळीत सांगावं आणि आर्गॉनचा आकडा अलीकडचा आहे हे नमूद करावं. वाचणारा शहाणा असतो. त्याच्यापासून मतभेद लपवले की त्याला ते दुसरीकडे सापडतात.

आकड्यांची आणखी एक गंमत आहे, जी छपाईत हमखास चुकते. आपण ५,७०,००० लिहितो. जर्मनमध्ये हाच आकडा तीन-तीनच्या गटात लिहितात आणि गटांच्या मध्ये टिंब देतात. उलट आपण १.८ किलोमीटर लिहितो तिथे ते टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. आपला आकडा जसाच्या तसा उचलला तर व्यास भलताच वाटू शकतो. भाषांतर म्हणजे शब्दच पाहायचे असं समजणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात भाषांतर करणारा फोन असतो. पाटीवर कॅमेरा धरला की अक्षरं जर्मन होतात. मग दुभाष्याची गरज काय, असं मला विचारलं जातं. फोनचं भाषांतर बऱ्याचदा व्याकरणाने बरोबर असतं. पण मूळ पाटीवर ‘हे स्थळ अतिशय प्राचीन व जगप्रसिद्ध असून निसर्गरम्य आहे’ एवढंच असेल, तर फोन ते प्रामाणिकपणे जर्मनमध्ये सांगतो आणि पाहुण्याच्या पदरात काहीच पडत नाही. दोष फोनचा नाही. इंग्रजी पाटीही मराठीवरूनच बेतलेली असते, म्हणून तिच्यातही तेच उतरतं. मुळात विहिरीत पाणी भरायला हवं.

उताराचंच घ्या. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. सुमारे ६५ हजार किलोमीटर पायवाटा या पाट्यांनी जोडलेल्या आहेत, आणि प्रत्येक पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. पुढच्या गावाला एक तास वीस मिनिटं, खिंडीला अडीच तास. जर्मनीत काळ्या जंगलाच्या पायवाटांची देखभाल करणारी संस्था १८६४ पासून काम करते आहे. अशा वाटांवर वाढलेला माणूस विवराच्या काठावर येतो तेव्हा तो आधी शोधतो, खाली जायला किती वेळ, वर यायला किती, वाट सैल दगडांची आहे का, पाणी मिळेल का, सावली कुठे. आपल्याकडे पाटीवर खाली तळ्याकाठी असलेल्या कमळजा देवीचं नाव आणि बाण असतो. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता साठी ओलांडलेला माणूस हा उतार उतरला तर वर येताना त्याचे काय हाल होतील हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, लिहिलेलं मात्र कुठेच नाही. आपल्या माणसाला ते तोंडी कळतं. परक्याला कोण सांगणार? आणि नागपूर-मुंबईहून येणारा मराठी माणूसही इथे परकाच असतो.

पाण्याचंही तसंच. तळ्याचं पाणी खारट तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. आणि त्याच विवराच्या उतारावर गोड पाण्याची धार बारमाही वाहते. गोमुखाची ही धार भाविकांसाठी तीर्थ आहे आणि भूजलाच्या अभ्यासकासाठी पाठ आहे. लाव्ह्याच्या थरांमध्ये मुरलेलं पाणी काठाच्या कापलेल्या भिंतीतून बाहेर पडतं. धारेजवळ बसणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांनी मला एकदा बजावलं, ‘‘ताई, ह्या लोकायले सांगा, खालचं पाणी तोंडात घेऊ नका म्हना. साबनावानी लागते. धारीचं गोड हाय.’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, त्यांना विचारायचंय, हे इतकं जवळ असून एक गोड आणि एक खारं कसं?’’ ते म्हणाले, ‘‘धारीचं वाहून राह्यलं ना. खालचं कुठी जाते? बसून राह्यलं, आटते, आटते, खार राह्यतो.’’ तळ्याला बाहेर जायला वाट नाही, येणारं पाणी बाष्प होऊन जातं आणि क्षार मागे राहतात, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य बाबांनी मला तीन तुकड्यांत दिलं. पुढे आम्ही पत्रक केलं तेव्हा ते मी तसंच त्याच्या मराठी मजकुरात घातलं आणि मग जर्मनमध्ये नेलं.

या क्षारांनी लोणारला कधीकाळी पैसा दिला. आइन-ए-अकबरीत साबण आणि काच करायला लागणाऱ्या इथल्या क्षारांचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर क्षाराचा थर धरायचा, तो गोळा व्हायचा, त्याचे प्रकार पाडले जायचे. डल्ला, पापडी, भुसकी, प्रत्येकाचा दर्जा वेगळा. जर्मन पाहुण्यांना हा भाग मंदिरांइतकाच आवडतो. मीठ, काच आणि साबण यांच्या व्यापारावर उभी राहिलेली गावं त्यांच्या देशातही आहेत.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं आणि लोणारचं नाव जगभर गेलं. पाणी कमी झालं, क्षार वाढले आणि हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला रंग चढला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. पुढे रंग ओसरला. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ झालं, महाराष्ट्रातलं नांदूर मध्यमेश्वरनंतरचं दुसरं. आता येणाऱ्या कित्येकांना गुलाबी तळंच बघायचं असतं आणि हिरवट पाणी पाहून ते हिरमुसतात. एरवीचा हिरवा रंगही सूक्ष्म शैवालांचा आहे हे पाटीवर असतं तर हिरमोड झाला नसता.

कथेबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. लोणासुर जमिनीखालच्या विवरात राहायचा, देवांना छळायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते विवर म्हणजे हे तळं, पाणी म्हणजे त्याचं रक्त, क्षार म्हणजे मांस. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात हाच विष्णू आहे. पत्रकांत ही कथा ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणून एका ओळीत उरकतात, जणू विज्ञान लिहिल्यावर तिची लाज वाटते. मी ती पूर्ण सांगते. आघाताने उडालेलं झाकण, आत दडलेलं काहीतरी, लाल पाणी आणि खारी माती, एवढं सगळं एका गोष्टीत बांधणाऱ्यांनी हे तळं किती निरखून पाहिलं असेल! ती ऐकून मंदिरात गेलेला पाहुणा छताखाली मान वर करून उभा राहतो आणि टॉर्चच्या उजेडात कोरीव काम वाचायला लागतो. हेमाडपंती हा शब्द त्याला कळत नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातला, आणि कोलोनच्या कॅथीड्रलचा पाया १२४८ मध्ये घातला गेला, एवढं सांगितलं की काळाची मोजपट्टी त्याच्या हातात येते.

हीच युक्ती सिंदखेडराजाला चालते. लोणारची गाडी या गावातून जाते, आणि बहुतेक गाड्या थांबत नाहीत. इंग्रजी पत्रकात ‘जिजामातांचे जन्मस्थान’ एवढंच असतं आणि परक्याला जिजामाता कोण ते माहीत नसतं. मी थांबवते. लखुजी जाधवांच्या वाड्यात नेते आणि सांगते, १२ जानेवारी १५९८ ला इथे एक मुलगी जन्मली. तिच्या वडिलांना १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात मुलांसह मारलं गेलं. पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या मुलाने राज्य उभारलं आणि त्याचा राज्याभिषेक पाहून ती १६७४ मध्ये गेली. मग मी म्हणते, तिच्या आयुष्यातली मधली वर्षं तुमच्याकडे तीस वर्षांच्या युद्धाची. लखुजींच्या हत्येनंतर पाच वर्षांनी, १६३४ मध्ये, न्योर्डलिंगेनची लढाई झाली. हो, तेच विवरातलं गाव. तीस वर्षांचं युद्ध जर्मन माणसाच्या मनात अजून ओलं आहे. गावंच्या गावं ओस पडली होती. जळलेली गावं, फिरणाऱ्या फौजा आणि त्यात लेकराला वाढवणारी बाई, एवढं त्याला समजवायला मग वेगळे शब्द लागत नाहीत. वाड्याच्या दारातून तो सावकाश बाहेर येतो.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असं नाही. नोव्हेंबर २०१४ पासून जर्मन नागरिकांना व्हिसासाठी इंटरनेटवरून अर्ज करता येतो. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही दूरध्वनी सेवा २०१६ पासून बारा भाषांत चालते, त्यात जर्मन आहे. सांचीला श्रीलंकेहून येणारे यात्रेकरू बहुसंख्य, म्हणून तिथे सिंहली पाट्या लागल्या. मग लोणारला जर्मन पाटी लावावी का? माझं उत्तर नाही असं आहे. येणाऱ्यांची संख्या तेवढी नाही, शिवाय हे विवर अभयारण्य आहे आणि त्याच्या काठावर लोखंडी फलकांची गर्दी करण्यात अर्थ नाही. पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजी असाव्यात आणि थोडक्या असाव्यात. जर्मनसाठी, फ्रेंचसाठी, जपानीसाठी एकेक घडीचं पत्रक पुरे, तेच फोनवरही वाचता यावं.

अशा पत्रकाचं काम आम्ही काही जणांनी हाती घेतलं. लोणारचे एक निवृत्त भूगोल शिक्षक, गाइडचं काम करणारी दोन मुलं, धारेजवळचे बाबा आणि मी. सुरुवातीला मुलांना वाटत होतं की मी इंग्रजीवरून जर्मन करणार आणि ते छापून आणणार. मी म्हटलं, आधी मराठीत लिहू. वाक्य असं हवं की ते वाचून माणसाने मान वळवून काहीतरी पाहिलं पाहिजे. ‘निसर्गरम्य’ काढला. ‘जगप्रसिद्ध’ काढला. ‘तिसऱ्या क्रमांकाचे’ काढताना थोडा वाद झाला, कारण मुलं लहानपणापासून ते ऐकत आली होती. रीस आणि दक्षिण आफ्रिकेतलं फ्रेडफर्ट नकाशावर दाखवल्यावर ती राजी झाली. त्या जागी ‘बेसॉल्टमधले सर्वांत नीट टिकलेले’ आलं, आणि नीट टिकलं म्हणजे काय हे काठावर कुठे उभं राहून पाहायचं ते आलं. वर उचलला गेलेला काठ आणि बाहेरच्या बाजूला फेकलेल्या दगडांचा उतार, हे दोन्ही एका जागेवरून दिसतात. भूगोलाच्या सरांना ती जागा ठाऊक होती.

उताराची वेळ ठरवायला मुलं त्यांच्या आजीला घेऊन गेली, आणि एकदा शाळकरी पोरांना. खाली जायला साधारण अर्धा-पाऊण तास, वर यायला त्याहून जास्त, असं लिहिलं. उन्हाळ्यात दहाच्या आत वर या, असं लिहिलं. दगड उचलून नेऊ नका, हे अभयारण्य आहे, असं लिहिलं, आणि का तेही लिहिलं. मास्केलिनाइट डोळ्यांना दिसत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. खिशात नेलेल्या दगडातून तुम्हाला काही कळणार नाही आणि उद्याच्या अभ्यासकाचा नमुना मात्र जाईल. नवरात्रात कमळजेची यात्रा असते तेव्हा वाटेवर गर्दी असते, हेही आलं. पाहुण्यांना यात्रा बघायला आवडेल, पण त्यांना शांतपणे विवर पाहायचं असेल तर ते दिवस टाळावेत.

मराठी मजकूर पुरा व्हायला बराच वेळ गेला. जर्मन त्यावरून भराभर झालं. जिथे मराठी वाक्य स्पष्ट होतं तिथे जर्मन वाक्य शोधावं लागलं नाही. जिथे मी अडले तिथे दर वेळी मराठीतच काहीतरी धूसर राहिलं होतं आणि मी पुन्हा सरांना फोन केला. लोणारच्या एका शाळेने मराठी प्रती मागून नेल्या आहेत, सहावीच्या मुलांना काठावर नेऊन वाचून दाखवण्यासाठी. क्षारांचं पान अजून अपुरं आहे. डल्ला कोणता आणि भुसकी कोणती, हे हातात घेऊन सांगू शकणारी माणसं गावात आता मोजकीच आहेत, तीही म्हातारी. या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे बसून ते लिहून घेणार आहे. जर्मन पान त्यानंतर करेन.